सावळ्या त्वचेवर लेझर: केस जावेत, डाग राहू नयेत

माझ्या धाकट्या बहिणीच्या हनुवटीखाली एका सकाळी चौकोनी डाग उठले. एकाला एक लागून, फरशा बसवाव्यात तसे, जबड्याच्या कडेने पार कानापर्यंत. लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. आदल्या दिवशी जिथे तिने ‘लेझर’ करून घेतलं होतं तिथे फोन केला, तर उत्तर आलं, “मॅडम, तुमची स्किनच डार्क आहे, त्याला आम्ही काय करणार?” डागांपेक्षा या वाक्याने ती जास्त रडली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते, डॉक्टर नाही. पण प्रकाश कुठे शोषला जातो आणि त्याची उष्णता पुढे कुठे जाते, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्यामुळे त्या उत्तरात काहीतरी चुकतंय हे लगेच कळलं. पुढे बहिणीबरोबर त्वचारोगतज्ज्ञांकडे खेपा घालताना, विचारताना, वाचताना खात्रीच पटली. सावळ्या त्वचेवर लेझरने केस नीट काढता येतात. यंत्र कोणतं, प्रकाश कोणता, तो किती वेळ सोडायचा, हे समोरच्या त्वचेकडे बघून ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं हे यंत्र चालवणाऱ्याचं काम आहे. त्याने ते केलं नाही तर दोष त्वचेच्या माथी मारू नये.

आपल्याकडे बहुतेकांची त्वचा गव्हाळ, सावळी किंवा काळी. म्हणून हा विषय थोडक्यांचा नाही. जरा मुळापासून समजून घेऊ.

लेझर नेमकं काय तापवतो

केसाला काळा रंग देणारं द्रव्य म्हणजे मेलॅनिन. त्वचेला रंग देणारंही तेच. सगळी अडचण इथूनच सुरू होते.

उन्हात दोरीवर काळी साडी आणि पांढरा सदरा शेजारी शेजारी वाळत घाला आणि तासाभराने हात लावून बघा. ऊन दोघांवर सारखंच पडलेलं असतं, तरी काळी साडी जास्त तापलेली असते. लेझर याच साध्या गोष्टीचा फायदा घेतो. केसातलं मेलॅनिन प्रकाश गिळतं, तापतं, आणि ती उष्णता केसाच्या मुळाला आणि त्याभोवतीच्या पेशींना पोचून त्यांना इजा करते. आजूबाजूची त्वचा मेलॅनिनने कमी भरलेली असेल तर ती वाचते. १९८३ मध्ये हार्वर्डच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ही कल्पना शास्त्रीय रीतीने मांडली. योग्य रंगाचा प्रकाश योग्य तेवढाच वेळ सोडला, तर शरीरात आपल्याला हवी तीच गोष्ट तापवता येते आणि शेजारच्या पेशी शाबूत राहतात. केस काढण्याचे सगळे लेझर याच पायावर उभे आहेत.

सुरुवातीला वापरला गेला तो रूबी लेझर, ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश. (तरंगलांबी म्हणजे प्रकाशाचा रंग ठरवणारं माप.) १९९०च्या दशकाच्या मध्यात त्याचे परिणाम प्रसिद्ध झाले. गोरी त्वचा आणि काळे केस असलेल्या माणसाला तो लागू पडायचा, कारण तिथे केस आणि त्वचा यांच्या रंगात भरपूर फरक असतो. आपल्या त्वचेवर तोच प्रकाश सोडला तर वरच्या थरातलं मेलॅनिनच त्याचा मोठा वाटा गिळतं. वरचा थर भाजतो आणि केसाच्या मुळापर्यंत फारसं काही पोचत नाही. म्हणजे नुकसान दुहेरी.

“सावळ्यांना लेझर चालत नाही” ही समजूत त्या काळातली. तेव्हा ती बऱ्याच अंशी खरी होती. नंतर यंत्रं बदलली, पण समजूत तशीच राहिली.

एक गोष्ट मला फार आवडते, वर्गातही सांगते. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्या पेशी मेलॅनिनचे दाणे किती करतात, केवढे करतात आणि ते त्वचेत कसे पसरवतात यात. सावळ्या त्वचेत दाणे मोठे आणि पुष्कळ असतात, वरच्या थरात सगळीकडे विखुरलेले. उन्हापासून आपलं रक्षण तेच करतात.

डॉक्टर त्वचेचा टाइप विचारतात तो फिट्झपॅट्रिक यांच्या मोजपट्टीवरचा. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती १९७५ मध्ये केली, ती सोरायसिससारख्या आजारांवर देण्याच्या प्रकाश-उपचारांचा डोस ठरवायला आणि मुख्यतः गोऱ्या लोकांसाठी. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे ५ आणि ६ हे टाइप नंतर जोडले गेले. भारतीय लोक बहुतेक ४ आणि ५ मध्ये बसतात, काही ३ मध्ये, काही ६ मध्ये. ही मोजपट्टी ढोबळ आहे. नुसता चेहरा बघून टाइप ठरवू नये. उन्हात तुमची त्वचा लाल होते की सरळ काळवंडते, मुरमाचा किंवा डास चावल्याचा डाग किती महिने टिकतो, हे विचारायला हवं. मला विचाराल तर आपल्यासाठी तो डागाचा प्रश्नच सर्वांत मोलाचा. साध्या मुरमाचा डाग वर्षभर राहत असेल, तर लेझरने थोडं भाजलं तरी डाग पडणार, हे आधीच धरून चालावं.

१०६४ हा आकडा लक्षात ठेवा

प्रकाशाची तरंगलांबी जसजशी वाढते तसतसं मेलॅनिन त्याला कमी गिळतं, आणि लेझरच्या या टप्प्यात प्रकाश त्वचेत आणखी खोल उतरतो. आज केसांसाठी मुख्यतः तीन लेझर वापरतात. अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर, डायोड साधारण ८०० ते ८१०, आणि एनडी-याग १०६४.

७५५च्या तुलनेत १०६४च्या प्रकाशाला मेलॅनिन ढोबळमानाने एक तृतीयांशच शोषतं. म्हणून तो वरच्या रंगीत थरातून फारसा अडथळा न होता खाली जातो. केसाचं मूळ काही मिलिमीटर खोल असतं, तर त्वचेचा मेलॅनिनवाला वरचा थर कागदाइतका पातळ. खाली मुळाशी मेलॅनिन दाटून भरलेलं असतं, त्यामुळे कमी शोषण होऊनही जाड काळा केस पुरेसा तापतो. वॉशिंग्टनच्या त्वचारोगतज्ज्ञ टीना ऑल्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये टाइप ४ ते ६ त्वचेच्या स्त्रियांवर लांब पल्सच्या, म्हणजे प्रकाशाचा एकेक झोत जास्त वेळ सोडणाऱ्या, एनडी-यागचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर गडद त्वचेसाठी हा लेझर सर्वांत सुरक्षित मानला जाऊ लागला, आजही मानला जातो.

त्याचे तोटेही सांगायला हवेत. तो जास्त दुखतो. आणि मेलॅनिन त्याला कमी गिळतं म्हणूनच बारीक, फिकट केसांवर त्याचा जोर चालत नाही. डायोड या बाबतीत मधला. जाणत्या हातात, चांगल्या थंडाव्यासह, टाइप ४ आणि ५ वर तो नीट चालतो आणि भारतात भरपूर वापरला जातो. टाइप ६ असेल, किंवा नुकतंच ऊन लागून त्वचा काळवंडली असेल, तर मी एनडी-यागचाच आग्रह धरेन. अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेवर उत्तम, पण टाइप ५ आणि ६ वर त्यात धोका जास्त.

आता बहिणीचे चौकोन. ते लेझरचे नव्हतेच. ते आयपीएल यंत्र होतं, म्हणजे एका झगमगाटात अनेक तरंगलांब्यांचा प्रकाश सोडणारा दिवा. पुढे चौकोनी काचेचा तुकडा असतो, तो त्वचेवर टेकवून एकामागून एक चमक सोडतात. भाजलं की त्या काचेचा ठसा जसाच्या तसा उमटतो. फिल्टर लावून आयपीएलचा छोट्या तरंगलांबीचा भाग कापता येतो, पण तरीही मेलॅनिन ज्यावर तुटून पडतं तो प्रकाश त्यात उरतोच. आपल्याकडच्या पुष्कळ पार्लरमध्ये आयपीएललाच सर्रास लेझर म्हणतात. म्हणून “लेझर आहे का” एवढं विचारून भागत नाही. “यंत्र कोणतं, तरंगलांबी किती” असं विचारा. सांगणाऱ्याला आकडा ठाऊक नसेल तर तिथून उठून या.

घरी वापरायची आयपीएल यंत्रंही ऑनलाइन मिळतात. त्यांच्या खोक्यावर त्वचेच्या रंगांची एक पट्टी छापलेली असते, तिच्यातले गडद रंग ‘वापरू नये’ या बाजूला असतात. अनेक यंत्रांत गडद त्वचा दिसली की चमक बंद करणारा सेन्सर असतो. तो चुकवून वापरायच्या युक्त्या सांगणारे लोक आहेत. कृपा करून त्या करू नका.

तीन लेझर एकाच हँडपीसमध्ये असल्याच्या जाहिराती हल्ली खूप दिसतात. त्यात ७५५, ८१० आणि १०६४ एकत्र सुटतात. म्हणजे ७५५चा वाटा तुमच्या सावळ्या त्वचेवरही पडतोच. चांगला डॉक्टर हे यंत्रही सांभाळून वापरतो, पण ‘तीन आहेत म्हणजे तिप्पट सुरक्षित’ असा अर्थ काढू नये.

बशीतला चहा

तरंगलांबी हा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा वेळेचा आहे, आणि त्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही.

कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो. चहा तोच, पण पातळ पसरला म्हणून उष्णता भरभर निघून जाते. त्वचेचा वरचा थर म्हणजे बशी, आणि केसाचं जाड मूळ म्हणजे कप. वरचा थर आपली उष्णता साधारण ३ ते १० मिलिसेकंदांत सोडून देतो. जाड केसाच्या मुळाला त्यासाठी दहापासून शंभर मिलिसेकंदांपर्यंत लागतात.

आता एकदम उकळता चहा दोघांत ओतला तर बशीही चटका देणार. पण तोच चहा धार बारीक करून हळूहळू ओतत राहिलात, तर बशीतला ओतता ओतताच निवत जातो आणि कपातला मात्र गरम राहतो. लेझरची ‘लांब पल्स’ म्हणजे ही बारीक धार. तेवढीच ऊर्जा जास्त वेळात द्यायची. गडद त्वचेवर पल्स बहुधा ३० मिलिसेकंद किंवा त्याहून लांब ठेवतात, डायोडमध्ये कधी शंभरापर्यंत नेतात. पल्स आखूड आणि ऊर्जा जास्त ठेवली की वरच्या थराला निवायला उसंतच मिळत नाही. भाजण्याच्या कितीतरी घटनांमागे हेच असतं. यंत्र बरोबर असतं, पण आकडे आधीच्या गोऱ्या गिऱ्हाइकाचे तसेच राहिलेले असतात.

बशीला खालून थंड पाण्यात धरलं तर आणखी बरं, नाही का? लेझरच्या टोकाला थंड नीलमणी काच असते, किंवा गार हवेचा झोत सोडतात, किंवा प्रत्येक पल्सच्या क्षणभर आधी गार फवारा मारतात. गडद त्वचेवर थंडावा ही चैन नसून उपचाराचाच भाग आहे. फवारा अती झाला तर त्या गारठ्यानेही डाग पडू शकतो, म्हणून तोही मोजून मारायचा. आणि ती काच दर थोड्या वेळाने पुसायला हवी. तिच्यावर जळक्या केसांची काजळी साचली की काजळीच तापते आणि त्वचेला डाग देते. चालवणारी व्यक्ती काच पुसते का, एवढं तुम्ही पडल्या पडल्या बघू शकता.

आधी चाचणी, मग पैसे

गडद त्वचेवर पूर्ण उपचाराआधी एका छोट्या जागी दोन-चार पल्स देऊन थांबायला हवं. याला टेस्ट पॅच म्हणतात. जागा त्याच भागातली पण झाकली जाणारी, जसं जबड्याखाली कानाजवळ. फोड किंवा भाजणं दोन-तीन दिवसांत कळतं. डाग मात्र उशिरा उमटतो, कधी दोन आठवड्यांनी. म्हणून मी म्हणेन, दोन आठवडे थांबा. “आज टेस्ट, आजच पहिलं सेशन, आणि पॅकेजवर आजच सूट” असं कोणी म्हणालं तर ती टेस्ट नावापुरतीच.

उपचार नीट चालला आहे हे त्वचेवर दिसतं. काही मिनिटांत केसांच्या मुळांभोवती बारीक फुगवटे येतात, अंगावर काटा आल्यासारखे, आणि थोडी लाली किंवा गडदपणा दिसतो. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ते बसतं. पण त्वचा राखाडी किंवा पांढरट दिसू लागली, फोड धरू लागला, किंवा पल्स संपल्यावरही आग कमी होईना, तर तिथल्या तिथे “थांबा” म्हणायचं. रबर बँड ताणून सोडल्यासारखा चटका चालतो, रेंगाळणारी आग चालत नाही.

म्हणूनच बधिरतेच्या क्रीमबद्दल सावध राहा. पूर्ण बधिर झालेल्या त्वचेला भाजतंय हे सांगताच येत नाही. त्याहून मोठा धोका जिवाचा आहे. अमेरिकेत २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी लेझरच्या आधी पायांना कडक बधिरता-जेल लावून वरून प्लॅस्टिक गुंडाळलं. औषध रक्तात भिनलं, झटके आले, दोघी कोमात गेल्या आणि वारल्या. तिथल्या औषध नियामकाने, एफडीएने, २००७ मध्ये यावर जाहीर इशारा दिला. क्रीम लावायचंच असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं, सांगितलं तेवढंच, छोट्या जागी, आणि वरून काहीही न गुंडाळता. दोन्ही पायांना, पाठीला चोपडून घरून निघायचं नाही.

ऊन, मेंदी, गोंदण, ब्लीच

त्वचेचा रंग कायम एकसारखा राहत नाही. सोलापूरच्या एप्रिलमध्ये रोज स्कूटीवरून जाणाऱ्या मुलीचे हात आणि तिचीच पाठ हे लेझरच्या दृष्टीने दोन वेगळे टाइप असतात. ऊन लागून त्वचा काळवंडली असेल तर निदान दोन ते चार आठवडे थांबावं. प्रत्येक वेळी आकडे नव्याने ठरवावेत, मागच्या खेपेचे कागदावरून उचलू नयेत. लंडनमध्ये हिवाळ्यात उपचार घेणारी मराठी मुलगी डिसेंबरात गोव्याला आठवडाभर राहून परतली, तर तिची त्वचा तीच राहिलेली नसते. तिथल्या तंत्रज्ञाला ते आपणहून सांगावं. ढगाळ दिवसातही अतिनील किरणं खाली येतात, त्यामुळे पावसाळ्यातही सनस्क्रीन सोडू नका. चेहऱ्याला किंचित मातकट रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन मिळालं तर ते आपल्यासाठी जास्त चांगलं, कारण आपल्या त्वचेवर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो.

लग्नाच्या घाईत मेंदी आणि लेझर एकाच आठवड्यात येतात. हातावरची मेंदी, विशेषतः काळी म्हणून मिळणारी, पूर्ण उतरल्याशिवाय तिथे लेझर नको, कारण रंग प्रकाश गिळतो. टॅटूचंही तसंच. आपल्या आई-आज्यांच्या हनुवटीवर, कपाळावर, मनगटावर गोंदण असतं. ते ठिपके काजळीचे असतात आणि काजळी कोणतीही तरंगलांबी गिळते. त्यांच्यावरून लेझर फिरला तर हमखास फोड येतो. तीळसुद्धा झाकूनच पुढे जायचं असतं.

चेहऱ्याला ब्लीच करण्याची सवय आपल्याकडे फार. ब्लीचने केस सोनेरी होतो, म्हणजे लेझरचं लक्ष्यच पुसलं जातं. थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमट्याने उपटणं हे चार ते सहा आठवडे आधीपासून बंद, कारण त्यात केस मुळासकट निघतो आणि लेझरला तापवायला काही उरत नाही. दाढी करण्याचं ब्लेड किंवा ट्रिमर चालतो. आदल्या दिवशी साफ करून जायचं. वर केस राहिले तर ते त्वचेवरच जळून चटका देतात. चेहऱ्याला ब्लेड लावायला बहीण घाबरत होती, “दाट येतील” म्हणून. ब्लेडने केस दाट होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून ते खरखरीत लागतं, एवढंच.

आणि एक गोष्ट मोठ्याने सांगावीशी वाटते. गोरं होण्यासाठी, वांगासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टिरॉइडमिश्रित क्रीम्स आपल्या घराघरांत आहेत. महिनोन्महिने लावलेल्या या क्रीमने त्वचा पातळ आणि चिडकी होते. अशा चेहऱ्यावर लेझर चालवला तर काय होईल सांगता येत नाही. डॉक्टरांसमोर लाजू नका, क्रीमची ट्यूबच घेऊन जा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सिसायक्लिन घेत असाल, पूर्वी केलॉइड म्हणजे वाढत जाणारा जाड व्रण झाला असेल, कोड असेल, ओठांवर वारंवार नागिणीसारखे फोड येत असतील, तर तेही सांगा. गरोदरपणात थांबावं हेच बरं.

केस वाढतात असंही होतं

हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी जरा थांबून सांगते. लेझरनंतर काही जणींना केस कमी होण्याऐवजी त्याच भागात किंवा लगतच्या भागात जाड आणि जास्त येऊ लागतात. हा गैरसमज नाही, वैद्यकीय लेखनात नोंदलेला परिणाम आहे. तो बहुतेक चेहरा आणि मान या भागांत, टाइप ३ च्या पुढच्या त्वचेत, दक्षिण आशियाई, मध्यपूर्वेतल्या आणि भूमध्य सागराकाठच्या स्त्रियांत, आणि पीसीओएससारखा संप्रेरकांचा बिघाड असताना दिसतो. म्हणजे आपलंच वर्णन झालं. मुळाला मारायला अपुरी पण त्याला जागं करायला पुरेशी उष्णता मिळाली की असं होत असावं, असं तज्ज्ञांना वाटतं.

यातून माझं ठाम मत झालं आहे. गालांवरच्या मऊ लवेवर लेझर मारू नये. तिला मेलॅनिन कमी, ती तापणार कमी, आणि उलटण्याचा धोका जास्त. ‘फुल फेस’ पॅकेज विकणारे ही लव सरसकट धरतात. हनुवटी, जबड्याची कड, वरचा ओठ इथले जाड काळे केस असतील तर तेवढेच करा. लव खुपत असेल तर थ्रेडिंग आहेच, किंवा तिला तशीच राहू द्या.

हनुवटीवर, छातीवर, पोटावर मधोमध जाड केस येत असतील आणि पाळी लांबत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा संप्रेरकतज्ज्ञ गाठा. मूळ कारण चालू असताना लेझर म्हणजे नळ उघडा ठेवून पाणी उपसणं. त्यांनी दिलेल्या गोळ्यांचा परिणाम केसांवर दिसायला सहाएक महिने लागतात, तोवर लेझर जोडीला चालवता येतो. केस अचानक, काही महिन्यांत झपाट्याने वाढले आणि आवाजही जाड झाला, तर ते तातडीने दाखवायचं. त्यामागे क्वचित गाठ असू शकते.

पुरुषांचंही सांगायला हवं. कुरळे, राठ केस असलेल्या सावळ्या पुरुषांना रोज गुळगुळीत दाढी केल्याने केस आत वळून पुटकुळ्या आणि काळे डाग होतात. पोलीस, लष्कर अशा नोकरीत दाढी टाळता येत नाही. एनडी-यागने त्यांना खरंच आराम मिळतो. ट्रान्स स्त्रियांसाठी चेहऱ्याचे केस जाणं हे मनाच्या स्वास्थ्याचं काम असतं, आणि तिथे दाढी दाट व काळी असल्याने भाजण्याचा धोकाही जास्त. त्यांना हसण्यावारी नेणाऱ्या जागी पाऊल ठेवू नये.

किती वेळा, आणि काय अपेक्षा धरायची

प्रत्येक केस आळीपाळीने वाढतो, थांबतो, गळतो. वाढीच्या काळातच त्याचं मूळ मेलॅनिनने भरलेलं आणि जिवंत जोडलेलं असतं, म्हणून त्याच काळात लेझरचा घाव नीट बसतो. डोक्यावर एका वेळी ८५ ते ९० टक्के केस वाढत असतात, पायांवर मात्र साधारण पाचातला एक. त्यामुळे एका बैठकीत सगळे जाणं शक्यच नाही. चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांनी, अंगाला सहा ते आठ किंवा त्याहून जास्त अंतराने, अशा सहा ते आठ बैठका लागतात. एनडी-यागला कधी जास्तही. पुढे अधूनमधून एखादी.

एफडीए याला ‘कायमची घट’ म्हणते. उपचारानंतर उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहते, असा त्याचा अर्थ. ‘एकही केस येणार नाही’ असं वचन देणारा खोटं बोलतो. पांढरे आणि सोनेरी केस लेझरला दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडणं. १८७५ मध्ये अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी ते प्रथम वापरलं. वेळखाऊ आहे, पण त्वचेच्या रंगाशी त्याला देणंघेणं नाही. मात्र सुई चुकली तर डाग पडतो.

बैठकीनंतर आठवडाभरात केस वाढल्यासारखे दिसतात. ते जळलेले तुकडे असतात, त्वचा त्यांना बाहेर ढकलते. दोन-तीन आठवड्यांत गळतात. ओरबाडू नका.

जागा निवडताना दोन गोष्टी बघा. त्वचा तपासून आकडे ठरवणारे त्वचारोगतज्ज्ञ तिथे खरंच असतात का, की फक्त पाटीवर नाव आहे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तो पडताळता येतो. आणि तुमच्या डोळ्यांवर त्याच तरंगलांबीचा चष्मा चढवतात का. भुवईच्या खाली, पापणीजवळ लेझर नाही म्हणजे नाही. तिथला प्रकाश पापणीतून आत शिरून बुबुळाला इजा करतो.

भाजलंच तर

लगेच वाहत्या गार पाण्याखाली किंवा गार ओल्या फडक्याखाली वीसएक मिनिटं धरा. बर्फ थेट लावू नका. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांपैकी काहीही नको. फोड फोडू नका. चोवीस तासांच्या आत त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, लवकर दिलेल्या औषधाने डाग पुष्कळ कमी होतो. त्याच दिवशी नैसर्गिक उजेडात फोटो काढून ठेवा आणि जिथे उपचार झाला तिथून यंत्राचं नाव, तरंगलांबी, ऊर्जा आणि पल्सचा वेळ लेखी मागून घ्या. पुढच्या डॉक्टरांना ते लागतं, आणि तक्रार करायची झाली तरी लागतं. खपली आपोआप पडू द्या. ऊन पूर्ण टाळा. काळा डाग बहुतेक वेळा काही महिन्यांत फिका पडतो. पांढरा डाग जास्त काळ रेंगाळतो, पण तोही अनेकदा भरून येतो.

बहिणीचे चौकोन जायला आठ महिने लागले. लग्नात ती त्या डागांसहच उभी राहिली, मेकअप कमी ठेवून, कारण तोवर तिचा त्या वाक्यावरचा राग डागांपेक्षा मोठा झाला होता. वर्षभराने तिने एनडी-याग सुरू केलं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तिचं मनगट आणि मान शेजारी धरून रंग बघितला, कानाखाली तीन पल्स दिल्या आणि म्हणाल्या, “आज एवढंच. दोन आठवड्यांनी या.”